‘विडो’चा झाला ‘विडोअर’, पण ‘श्री.’ तसाच!

स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जात असाल तर ‘जेंडर बदला’ हा प्रश्न तुम्ही डोळे झाकून सोडवत असणार. लायन-लायनेस, अ‍ॅक्टर-अ‍ॅक्ट्रेस. नराचा शब्द घ्यायचा, मागं ‘एस’ लावायचं, झालं काम. पण त्याच यादीत काही शब्द उलटे चालतात, ते बघितलेत कधी? डक ही मादी आणि तेच सगळ्या जातीचं नाव, नराला वेगळा ड्रेक. गूजचा नर गँडर. ज्याचा माणसाला उपयोग जास्त, त्याचंच नाव पुढं!

आपल्याकडं तरी काय वेगळं? गोठ्यात ‘म्हशी’ असतात, रेड्याला कोण मोजतो? डेअरीला दूध घालणाऱ्या घरातल्या मित्राला विचारा. पारडू, रेडी, कालवड, खोंड, वळू, बैल... वय आणि लिंग बघून एकेक शब्द सांगेल. इंग्रजीला मात्र बफेलोपुढं ‘बुल’ नाहीतर ‘काउ’ जोडून वेळ मारून न्यावी लागते.

माणसांत उलटा चालणारा शब्द म्हणजे ‘विडो’. बाईचा शब्द आधी, त्याला ‘अर’ जोडून पुरुषाचा ‘विडोअर’. का? नवरा गेला की बाईचं कपाळ, हात, गळा सगळं बदलायचं. बायको गेलेल्या पुरुषाचं काहीच नाही. मराठीत ‘विधुर’ आहे, पण तो भेटतो वधू-वर सूचकच्या जाहिरातीत. लग्नपत्रिकेत बघा, ‘श्री.’ शेवटपर्यंत ‘श्री.’च. बाई मात्र कु., चि. सौ. कां., सौ. आणि मग श्रीमती नाहीतर गं. भा.

तसं कोल्हापूरच्या पोरी बिनधास्त ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. क्रियापदात आपण कधीच बरोबरी करून टाकलीय. घोडं अडतंय ते नावाआधीच्या दोन अक्षरांत.

एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाचे महिला व बालविकासमंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याबाबत प्रस्ताव तयार करायला सांगितलं. टीकेची झोड उठली, मग ‘निर्णय झालेला नाही’ असा खुलासा आला. मला विचाराल तर नवीन पाटी लावून आतलं दुकान बदलत नाही.

त्याच्या वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडनं जास्त पुढचं पाऊल टाकलं होतं. शिरोळ तालुक्यातल्या या गावानं ग्रामसभेत ठराव केला : कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं.

आता घरात लग्न निघालं की पत्रिकेचं प्रूफ तपासायचं काम तुमच्याच गळ्यात पडणार. आजीच्या, काकूच्या नावाआधी काय छापलंय ते वाचा. आणि प्रेसला ‘ओके’ कळवायच्या आधी तिलाच एकदा विचारा, “तुझ्या नावाला काय लावू?”