टोळी उठली, दवाखाना जागीच

मंगळवेढ्याच्या सार्वजनिक आरोग्याचा कारभार कोण पाहते, याचे उत्तर आपण कुठल्या कचेरीच्या पायरीवर उभे आहोत यावर ठरते. नगरपरिषदेत आरोग्य म्हणजे झाडलोट, गटारे, घंटागाडी, डासांसाठी फवारणी आणि जन्म-मृत्यूचे दाखले. माणूस तापाने फणफणला की तो जातो ग्रामीण रुग्णालयात, आणि ते रुग्णालय राज्य सरकारचे, सोलापूरच्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतले. शहराची शीव ओलांडली की प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे लागतात; ती जिल्हा परिषदेची. अंगणवाडी तिसऱ्याच खात्याची. मुंबई महापालिका केईएमसारखे रुग्णालय स्वतः चालवते, त्यामुळे तिथे बरेवाईट जे होईल त्याचा जाब एका दाराशी तरी मागता येतो. इथे तशी सोय नाही. त्यात २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने पन्नास हजारांहून अधिक वस्तीची शहरे आपल्या कक्षेत घेतली आणि त्याहून लहान गावे ग्रामीण अभियानाकडेच ठेवली. मंगळवेढा शहर त्या रेषेच्या बरेच खाली आहे. म्हणजे नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि घरपट्टी असलेले हे गाव आरोग्याच्या कागदावर खेडेच आहे. ही काही केवळ मंगळवेढ्याची तऱ्हा नव्हे, राज्यातल्या बहुतेक लहान नगरपरिषदांची हीच स्थिती आहे. पण आरोग्यातली समता ही गोष्ट कुठे अडते हे समजून घ्यायला मंगळवेढ्याइतका चांगला नमुना क्वचित सापडेल.

ही सगळी यंत्रणा डोकी मोजून उभी राहते. सपाटीच्या प्रदेशात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, पाच हजारांमागे एक उपकेंद्र, हजारांमागे एक आशा. डोंगरी आणि आदिवासी भागांसाठी हे आकडे कमी केलेले आहेत. दुष्काळी भागांसाठी तशी सवलत नाही. या हिशेबामागे एक गृहीत आहे, ते म्हणजे मोजलेला माणूस वर्षभर मोजल्या जागीच राहतो. मंगळवेढा तालुक्यात ते खोटे ठरते. उत्तरेला भीमेकाठची काळी, मालदांडी ज्वारीची जमीन, जिच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दक्षिणेला, जत आणि कर्नाटकाच्या बाजूला, पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडलेली गावे. उपसा सिंचन योजनेसाठी या पस्तीस गावांनी मतदानावर बहिष्कार घालण्यापर्यंत मजल मारली होती. ज्यांना गावात काम नाही ते दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन मुकादमाच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या फडांवर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. गंमत अशी की त्याच दिवसांत मंगळवेढ्यात संत दामाजी सहकारी साखर कारखान्याचे आणि इतर खासगी कारखान्यांचे गाळप सुरू होते, आणि बाहेरच्या दुष्काळी मुलखातल्या टोळ्या इथल्या फडांवर येऊन कोप्या घालतात. तालुका माणसे पाठवतोही आणि घेतोही. उपकेंद्राच्या यादीत गेलेल्यांची नावे राहतात, आलेल्यांची नसतात.

माझे म्हणणे एवढेच आहे, की दरडोई सारखे वाटप हीच समता असे मानले तर इथली विषमता दिसतच नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर खर्च होत नाही. ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधल्या डॉक्टराने १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले होते, की चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त लागते तिथेच ती सर्वांत कमी पोहोचते. तो कोळशाच्या खाणी असलेल्या खोऱ्यांबद्दल लिहीत होता, आपण उसाच्या फडांबद्दल बोलतो आहोत. फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकाने दिवस मोडला तर खाडा पडतो आणि तो पैशांत कापला जातो. पाळीच्या दुखण्यासाठीही सुटी परवडत नाही. याची किंमत किती भयंकर असू शकते हे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात उघड झाले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली.  गावात दवाखाना असला तरी हंगामात बाई तिथे नव्हती. आणि ती परत आली तेव्हा दुखणे इतके जुने झाले होते की खासगी डॉक्टरने सुचवलेली शस्त्रक्रिया तिला सुटका वाटली.

बीडच्या त्या शस्त्रक्रिया कुणीतरी मोजायला बसले म्हणून दिसल्या. मंगळवेढ्याबद्दल तसे बोलता येत नाही, कारण मोजणीच तिथवर येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी, २०१९-२१ची, सांगते की महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि सोलापूर जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या साधारण ४० टक्के मुलींची लग्ने अठराच्या आत झालेली आहेत. राज्याचा आकडा २२च्या घरात आहे. पण ही पाहणी जिल्ह्यापाशी थांबते. सोलापूर शहरातली विडी वळणारी बाई, अकलूजकडची बागायतदाराची सून आणि मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची कोयत्यावर जाणारी सोळा वर्षांची मुलगी एकाच सरासरीत जातात. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा याहून अवघड पेच टाकतो. नोंद घटना जिथे घडली तिथेच करायची असते. इथल्या मजुराचे तान्हे मूल दूरच्या फडावर दगावले तर ती नोंद तिकडच्या ग्रामपंचायतीत होणार, झालीच तर. मंगळवेढ्याचे रजिस्टर स्वच्छ राहणार. कायदा चुकीचा आहे असे नव्हे. घटनास्थळी नोंद हाच तर्कशुद्ध नियम. पण त्या रजिस्टरावरून तालुक्याच्या आरोग्याचा अंदाज बांधणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की ज्यांचे हाल सर्वांत जास्त ते या हिशेबात सर्वांत कमी मोजले जातात.

यावर पहिला आक्षेप अपेक्षितच आहे. आता उपचार फुकट आहेत, मग अडचण कसली? सोलापूर हा राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या २०१२मधल्या पहिल्या आठ जिल्ह्यांपैकी एक. पुढे तीच महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. १०८ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. या गोष्टी लहान नाहीत, आणि त्यांची टिंगल करणाऱ्यांनी त्याआधीचे दिवस आठवून पाहावेत. पण विमा योजना मोठ्या दुखण्यासाठी, मोठ्या रुग्णालयात कामाला येते. रक्तक्षय, अंगावरून जाणे, कमी वजनाचे मूल, रोजची पाठदुखी यांना विमा लागत नाही, हाताशी असलेली नर्स लागते. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाकडून शल्यविशारद, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन यांची अपेक्षा असते. केंद्र सरकारच्याच २०२१-२२च्या आकडेवारीनुसार या पातळीवर देशभरात विशेषज्ञांची जवळपास ८० टक्के कमतरता होती. शिवाय फुकट तपासणीलाही एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज लागतो. १ मे २०२३ला तालुकोतालुकी सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ची वेळ दुपारी दोन ते रात्री दहा ठेवली गेली, हा मला त्या योजनेतला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. मजुरी बुडू नये म्हणून घड्याळ सरकवले, नवी इमारत बांधली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आज इथे, उद्या तिथे अशा माणसांच्या मागे सरकारी यंत्रणा धावणार कशी? याचे उत्तर मंगळवेढ्यापासून पंचवीस किलोमीटरवर दर आषाढीला मिळते. लाखो माणसे पायी चालत पंढरपूरला येतात आणि आरोग्य खाते त्यांच्याबरोबर चालते. पालखीच्या मुक्कामी पाण्याचे उद्भव तपासले जातात, वाटेत ठिकठिकाणी तपासणी केंद्रे लागतात, रुग्णवाहिका आणि दुचाकीवरचे आरोग्यदूत असतात. २०२३ साली तर ‘आरोग्याची वारी पंढरीच्या दारी’ या नावाने मोठी मोहीमच झाली. फिरत्या माणसांची सेवा कशी करायची हे खात्याला चांगले ठाऊक आहे. वारीचा मार्ग आणि तिथी ठरलेली असते म्हणून हे जमते असे कुणी म्हणेल, तर कोयत्याचा मार्गही ठरलेलाच असतो. कोणती टोळी कोणत्या कारखान्याला जाणार हे मुकादमाच्या वहीत आणि कारखान्याच्या शेतकी विभागात हंगामाआधीच लिहिलेले असते. फरक इतकाच, की वारकऱ्याची गैरसोय दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. कोपीतल्या बाईची येत नाही.

तिसरा आक्षेप नगरपरिषदेच्या बाजूचा: एवढ्याशा पालिकेने काय करावे? १९६५चा नगरपरिषद कायदा सफाई, पाणी, लसीकरण आणि जन्म-मृत्यू नोंदणी ही तिची कर्तव्ये ठरवतो. ऊसतोड तिच्या हद्दीबाहेर. मला वाटते, तिच्या हाती आहे ते वाटते त्याहून मोठे आहे. एक म्हणजे स्वतःचे सफाई कामगार, त्यांतही कंत्राटी. शहराचे आरोग्य ज्यांच्या हातांवर टिकते त्यांची वार्षिक तपासणी, हातमोजे, धनुर्वाताचे इंजेक्शन हे सर्व सोलापूरची परवानगी न मागता करता येते. चोखोबा याच गावचे. गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून वेठीला लावलेल्या मजुरांबरोबर ते १३३८ मध्ये गेले, अशी परंपरा सांगते. त्यांचे नाव घेणाऱ्या गावाला हा विषय परका वाटू नये. दुसरे म्हणजे पाणी. गाळपाच्या महिन्यांत शहराच्या कडेला पडणाऱ्या कोप्यांना टँकर पोहोचतो की नाही, हा प्रश्न आरोग्याचाच आहे. दुष्काळात बादशाही कोठार उघडणाऱ्या दामाजीपंतांची गोष्ट इथे शेंबडे पोरही सांगते. त्यांनी धान्य दिले ते भुकेल्यांना, गाव कुणाचे हे पाहून नव्हे, असे ती कथा सांगते. अर्थात दामाजींच्या दातृत्वावर व्यवस्था चालवता येत नाही. त्यासाठी नियम लागतात, आणि नियम बदलता येतात.

बदल कसा घडतो याचा पुरावा जवळच आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, बहुधा दलित आणि निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात अर्भकांची काळजी घेऊन मृत्यू निम्म्याहून खाली आणले. ते काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. २००५ची आशा या दोन्हींच्या वाटेवरून आली. पण आशाचा मोबदला कामावार आहे. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात तिला एका बाळंतपणामागे ६०० रुपये मिळतात: निम्मे गरोदरपणातल्या तपासण्यांसाठी, निम्मे बाळंतपण दवाखान्यात झाल्याबद्दल. सहाव्या महिन्यात बाई फडावर गेली की पाठवणाऱ्या गावच्या आशाचे निम्मे बुडतात, आणि जिथे ती जाते तिथल्या आशाच्या यादीत तिचे नावच नसते, म्हणून तिकडेही कुणी विचारत नाही. मोबदल्याचे दोन हप्ते आधीच वेगळे आहेत. पहिला इकडच्या आशाला, दुसरा तिकडच्या आशाला, आणि मधली नोंद कारखान्याच्या टोळीयादीवरून: एवढा बदल तालुका आरोग्य अधिकारी, कारखान्याचा शेतकी अधिकारी आणि मुख्याधिकारी यांच्या एका बैठकीत आखता येईल. ती बैठक गाळप सुरू होण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास व्हायला हवी, कारण दिवाळीनंतर या बायका गावात नसतात. दक्षिणेकडच्या गावांतले मजूर कर्नाटकातही जातात, त्यांच्यासाठी ती टोळीयादी कन्नडमध्येही लागेल.