बिल नेमके कोणाच्या टेबलावर अडते?

एखाद्या मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरी, वाळूज किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकाला एक अनुभव वारंवार येतो. माल वेळेवर पोहोचलेला असतो, तपासणीत उतरलेला असतो, यंत्रावर चढून वापरलाही गेलेला असतो. पण बिलाचे पैसे मात्र आलेले नसतात. चौकशी केली तर स्टोअर्समधून सांगितले जाते, कागद पुढे गेले. खरेदी विभाग म्हणतो, आमचे काम झाले. लेखा विभाग म्हणतो, सहीसाठी पाठवले आहे. यांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे काम केलेले असते. अडचण एवढीच की, बिल या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचवणे हे काम कोणाच्याच वाट्याला आलेले नसते.

या दुखण्यावरचा पद्धतशीर उपाय म्हणजे व्यवसाय प्रक्रिया व्यवस्थापन, अर्थात बीपीएम. हे नाव ऐकताच अनेकांच्या डोळ्यांपुढे रात्रपाळीची कॉल सेंटर्स उभी राहतात. त्यात त्यांचा फारसा दोष नाही, कारण बीपीओ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उद्योगाला 'नॅसकॉम' ही संघटनाही बीपीएम असेच संबोधते. परंतु येथे अभिप्रेत असलेला अर्थ निराळा आहे. काम बाहेर कोणाला द्यायचे, हा या शास्त्राचा प्रश्न नाही. आपल्याच संस्थेत काम एका हातातून दुसऱ्या हातात कसे जाते, कोठे थांबते आणि का थांबते, हे पाहणे व ते सुधारत राहणे, हा त्याचा विषय आहे.

विभाग उभे, काम आडवे

कोणत्याही संस्थेचा आराखडा काढायला सांगितला, तर वर संचालक, त्याखाली व्यवस्थापक, त्याखाली विभाग असे उभे चित्र काढले जाते. ग्राहकाची ऑर्डर, पुरवठादाराचे बिल किंवा एखादी तक्रार मात्र या चित्रातून आडवी प्रवास करते. विभागप्रमुख आपल्या चौकटीकडे बारकाईने लक्ष देतो. दोन चौकटींच्या मधल्या फटीकडे पाहण्याची जबाबदारी कोणावरच नसते. विलंब, चुका आणि वादावादी प्रामुख्याने या फटींमध्येच जन्म घेतात.

एक काल्पनिक, पण अनेकांना ओळखीचे वाटेल असे उदाहरण घेऊ. समजा, एका कारखान्यात पुरवठादाराच्या मालासाठी पुढील टप्पे आहेत. फाटकावरील नोंदीला १० मिनिटे, स्टोअर्समधील मोजणीला ३०, गुणवत्ता तपासणीला ६०, आवक पावती म्हणजे 'जीआरएन' तयार करण्यास १०, खरेदी विभागात दर पडताळण्यास १५, लेखा विभागात नोंद करण्यास २०, मंजुरीच्या सहीला ५ आणि बँकेतून रक्कम वळती करण्यास १० मिनिटे. एकूण काम झाले १६० मिनिटांचे, म्हणजे पावणेतीन तासांहूनही कमी.

आता वाट पाहण्याचा हिशेब पाहा. तपासणीसाठी ४ दिवस, आवक पावतीसाठी ३, दरातील फरकामुळे फाइल परत गेल्याने ९, लेखा विभागातील गठ्ठ्यात ८, साहेब दौऱ्यावर असल्याने सहीसाठी १२ आणि पैसे महिन्यातून दोनच ठरावीक तारखांना दिले जातात म्हणून आणखी १५. सगळे मिळून ५१ दिवस. कर्मचाऱ्यांनी दुप्पट वेगाने काम केले, तरी १६० मिनिटांचे ८० मिनिटे होतील. ५१ दिवसांवर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. म्हणूनच 'माणसे आळशी आहेत' हे निदान बहुतेक वेळा चुकीचे ठरते. काम करण्यात वेळ जात नसतो, तो रांगेत उभे राहण्यात जात असतो.

रांगेचे गणित

या रांगेलाही नियम आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता मांडली आणि तो 'लिटलचा नियम' म्हणून ओळखला जातो. प्रलंबित कामांच्या संख्येला रोज निकाली निघणाऱ्या कामांच्या संख्येने भागले की सरासरी लागणारा काळ मिळतो. कारखान्यात ६०० बिले पडून असतील आणि रोज २० निकाली निघत असतील, तर नव्या बिलाला सरासरी ३० दिवस लागणारच. त्यावर लाल शाईने 'तातडीचे' असे लिहिल्याने ते एक बिल पुढे सरकेल. पण त्याच्या मागची बाकीची तेवढीच मागे ढकलली जातील.

याच गणितातून दुसरा धडा मिळतो. खरी अडचण सहीच्या टेबलावर असेल, तर लेखा विभागात दोन कारकून वाढवून काहीच साधत नाही. उलट सहीच्या टेबलावरचा ढीग आणखी उंच होतो. संपूर्ण साखळीचा वेग तिच्यातील सर्वांत अरुंद जागा ठरवते. ती जागा शोधल्याशिवाय केलेला खर्च हा बहुधा वाया गेलेला खर्च असतो.

विलंबाची किंमत कोण मोजते?

हा केवळ कार्यालयीन टापटिपीचा प्रश्न नाही. ५१ दिवस अडकलेल्या रकमेवर लघुउद्योजक बँकेचे व्याज भरत असतो. कामगारांचा पगार, विजेचे बिल आणि कच्च्या मालाची उधारी मात्र त्याची वाट पाहत थांबत नाही. मोठ्या कारखान्याच्या लेखी जी नुसती प्रलंबित फाइल असते, ती छोट्या कारखान्याच्या लेखी पुढच्या महिन्याची चूल असते.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु पुरवठादाराला माल स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात आणि लेखी करार असला तरी ही मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. करारच नसेल तर ती १५ दिवसांची असते. मुदत उलटल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस धरला जातो. म्हणजे तपासणी रेंगाळली, तरी घड्याळ सुरूच राहते.

त्यात २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक तरतूद आणली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. मुदत उलटून गेलेली आणि वर्षअखेर थकलेली अशी रक्कम प्राप्तिकराच्या हिशेबात त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाही. ती प्रत्यक्ष चुकती होईल त्या वर्षीच वजावट मिळते. वरच्या उदाहरणातील ५१ दिवसांचा कारखाना अशा रीतीने कोणाची फसवणूक करण्याचा हेतू नसतानाही कायद्याच्या कचाट्यात सापडतो. दिरंगाईची किंमत आता केवळ पुरवठादाराने मोजायची राहिलेली नाही.

फोर्डने काय केले?

अमेरिकेतील 'फोर्ड' कंपनीसमोर १९८० च्या दशकाच्या प्रारंभी असाच प्रश्न होता. तिच्या उत्तर अमेरिकेतील देणी विभागात ५०० हून अधिक लोक काम करीत होते. संगणक बसवून त्यांची संख्या वीस टक्क्यांनी कमी करावी, असा विचार सुरू होता. त्याच सुमारास लक्षात आले की, जपानच्या 'माझदा' कंपनीत हेच काम अवघे पाच जण करतात. माझदा आकाराने लहान होती हे खरे. पण तो फरक हिशेबात धरूनही फोर्डचा विभाग असायला हवा त्याच्या पाचपट मोठा होता.

फोर्डच्या पद्धतीत खरेदीची ऑर्डर, माल पोहोचल्याची पावती आणि पुरवठादाराचे बिल या तीन कागदांतील १४ बाबी जुळाव्या लागत. कर्मचाऱ्यांचा बहुतांश वेळ न जुळणाऱ्या नोंदींचा माग काढण्यात जाई. कंपनीने हे काम जलद करण्याऐवजी त्याची गरजच संपवली. ऑर्डर संगणकावर नोंदवायची, माल आला की गोदामातील माणसाने ती तेथेच तपासायची, जुळली तर स्वीकारायची आणि नाही तर माल परत पाठवायचा. बिल हा कागदच या साखळीतून बाद झाला आणि जुळवायच्या बाबी १४ वरून ३ वर आल्या. विभागातील मनुष्यबळ पंचाहत्तर टक्क्यांनी घटले. मायकेल हॅमर यांनी हे उदाहरण १९९० मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधील लेखात मांडले. सदोष पद्धतीला संगणक जोडला की सदोष कामच अधिक वेगाने होते, हे त्या लेखाचे सार होते.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. पुढील काही वर्षांत अनेक कंपन्यांनी हॅमर यांच्या विचाराचा उपयोग नोकरकपातीचे गोंडस नाव म्हणून केला आणि ज्यांच्या सहकार्याशिवाय नवी पद्धत चालूच शकत नव्हती, त्यांचाच विश्वास गमावला. आपण अभियंत्याच्या दृष्टीने पाहिले आणि माणसांच्या बाजूला पुरेसे महत्त्व दिले नाही, अशी कबुली स्वतः हॅमर यांनी १९९६ मध्ये दिली.

आपल्याकडचे धडे

प्रक्रियेचा विचार करण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. अनिलकुमार लखीना अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी असताना, १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात, त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कामाची फेरमांडणी केली. अभिलेखांची शिस्तबद्ध रचना, कोणी काय करायचे याची स्पष्ट वाटणी आणि येणाऱ्या नागरिकाची सोय पाहून केलेली कार्यालयाची मांडणी यांवर त्यांचा भर होता. 'लखीना पॅटर्न' हा शब्द तेव्हापासून महाराष्ट्राच्या प्रशासनात रूढ झाला. टेबलावर संगणक नसतानाच्या काळातील ही सुधारणा होती, हे विशेष.

पासपोर्टचे उदाहरण बहुतेक शहरी वाचकांनी स्वतः अनुभवलेले असेल. २०१० ते २०१२ या काळात देशभर सुरू झालेल्या ७७ पासपोर्ट सेवा केंद्रांत अर्जदार क्रमाने 'ए', 'बी' आणि 'सी' या खिडक्यांवर जातो. पहिल्या खिडकीवर खासगी कंपनीचे कर्मचारी छायाचित्र व बोटांचे ठसे घेतात, दुसरीवर सरकारी अधिकारी कागदपत्रे पडताळतो आणि तिसरीवर मंजुरीचा निर्णय होतो. सर्व काही एकाच फेरीत. पोलीस पडताळणीचा टप्पा मात्र केंद्राच्या भिंतींबाहेर राहिला. त्यामुळे केंद्रातील काम तासाभरात उरकले, तरी पासपोर्ट हातात पडण्याचा काळ अनेकदा त्या बाहेरच्या टप्प्याने ठरवला. अरुंद जागेचा नियम तो हाच.

काम कसे चालते?

एखाद्या उद्योगाने हा मार्ग स्वीकारायचे ठरवले, तर प्रारंभ साधा असतो. एकच प्रक्रिया निवडावी; जिच्यामुळे पैसा किंवा ग्राहक अडकतो, ती. मग ती प्रत्यक्षात जशी चालते तशी, नियमपुस्तिकेत आहे तशी नव्हे, कागदावर उतरवावी. त्यासाठी फाटकावरील रखवालदारापासून सही करणाऱ्या साहेबांपर्यंत सर्वांना बोलते करावे लागते. अशा आराखड्यासाठी 'बीपीएमएन' नावाची चिन्हलिपी उपलब्ध आहे, पण मोठा कागद आणि पेन्सिलही पुरते. त्यानंतर प्रत्येक टप्प्यावर कामाचे आणि थांबण्याचे तास मोजावेत. अनावश्यक टप्पे गाळावेत, ठरावीक रकमेपर्यंतच्या मंजुरीचे अधिकार खाली द्यावेत आणि दर जुळतो की नाही हे शेवटी नव्हे, तर ऑर्डर देतानाच पाहावे. सॉफ्टवेअरचा विचार त्यानंतर यावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संपूर्ण प्रक्रियेचा एक धनी नेमावा. बिल अडले की विचारणा कोणाकडे करायची, या प्रश्नाला संस्थेत एकच नाव असायला हवे. आकडे दर महिन्याला पाहिले गेले नाहीत, तर वर्षभरात जुन्या सवयी परततात. म्हणून या शास्त्राच्या नावात 'सुधारणा' नव्हे, तर 'व्यवस्थापन' हा शब्द आहे.

सल्लागार नेमण्यापूर्वी उद्योजकाने त्याला काही प्रश्न अवश्य विचारावेत. आजची स्थिती मोजल्याशिवाय तो बचतीचा आकडा सांगतो काय? पहिल्याच भेटीत सॉफ्टवेअरचे नाव घेतो काय? कर्मचाऱ्यांशी बोलण्यासाठी किती दिवस ठेवले आहेत? तो निघून गेल्यावर मोजमाप कोण करणार? आणि वाचलेल्या वेळेतून मोकळ्या होणाऱ्या माणसांना कोणते काम देणार, याचे उत्तर मालकाने स्वतःलाही द्यावे. ते उत्तर आधी जाहीर केले नाही, तर कोणताही कर्मचारी आपल्या टेबलावरची खरी अडचण उघड करणार नाही. आणि ती उघड झाली नाही, तर उत्तम आराखडाही भिंतीवरच राहील.

वरच्या उदाहरणातील कारखान्याने ठरावीक रकमेखालील बिलांवरची वरिष्ठांची सही काढून टाकली आणि पैसे दर आठवड्याला द्यायचे ठरवले, तर अशा बिलांचे सहीचे १२ दिवस वाचतील आणि शेवटची प्रतीक्षा १५ वरून फार तर ७ दिवसांवर येईल. ५१ चे ३१ दिवस होतील. त्यासाठी यंत्र लागणार नाही, नवी भरती लागणार नाही. हे बिल एवढे दिवस नेमके कोणाच्या टेबलावर होते, हा प्रश्न विचारण्याची आणि त्याचे उत्तर शांतपणे ऐकून घेण्याची तयारी मात्र लागेल.