रिटायर झाल्यावर काम किती करावे?

लोणीजवळ प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे आपल्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, एकामागून एक कारखाने उभे राहिले. तिथे उमेद घालवून रिटायर झालेले कामगार आज गावोगाव आहेत. त्यांच्या पेन्शनीची योजना १९९५ सालची. २०१४ साली किमान पेन्शन महिना १,००० रुपये ठरली. एवढ्यात तेल-मीठ सुटते, घर चालत नाही. म्हणून पुन्हा काम बघावे लागते.

पण किती काम? रखवालदारी पूर्णवेळ म्हणतात, ती पुष्कळ ठिकाणी बारा तासांची असते. तेव्हा पगाराच्या आधी तास विचारा. मग पाटी घ्या आणि हिशेब मांडा. आम्ही एक मांडून दाखवतो. समजा, रखवालदारीचे ९,००० मिळाले. जाण्या-येण्यात १,००० गेले. घरी गाय आहे. वैरणीला, धार काढायला माणूस लावला, त्याला ३,००० गेले. हाती उरले ५,०००. उलट दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास माप लिहिण्याचे ४,००० मिळाले, तर फरक एका हजाराचा. गाय घरच्या घरी सांभाळून होते, रात्रीची झोपही मिळते. अशा माणसाने अर्धवेळ काम धरावे, असे आम्हाला वाटते.

ज्याच्या घरी जनावर नाही, शेत नाही आणि डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, त्याची गोष्ट निराळी. त्याला अर्धवेळ काम कर म्हणणे म्हणजे उपाशी राहा म्हणणे. त्याने अंग साथ देते तोवर पूर्णवेळ करावे. कुठे गाळपाच्या हंगामापुरते काम मिळते, तेही बघावे. चार-पाच महिने कष्ट, मग मोकळीक.

कामावर गेलो तर पेन्शन बंद होईल, असे काहीजण धरून बसतात. तसे नाही. ५८ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळणारी ही पेन्शन नोकरी धरली म्हणून थांबत नाही. हयातीचा दाखला मात्र दरवर्षी द्यावा लागतो.

आणखी एक. "परत कामावर घेतो, ग्रॅच्युइटीचं मग बघू," असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. नवे काम वेगळे, जुन्या नोकरीचे पैसे वेगळे. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ साली झाला. तेव्हापासून निदान पाच वर्षे नोकरी करून रिटायर होणाऱ्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळायचा असतो, आणि तो तीस दिवसांत. अर्ज लेखी द्या. पोच घ्या, तिच्यावरची तारीख आणि शिक्का तिथेच उभे राहून वाचा.