विकासाचे संज्ञापन : विद्यार्थ्यांनी केलेला पुनर्विचार

दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका येथील नवोदित व निर्धन देशांच्या विकासाचा प्रश्न जगापुढे आला. त्याच सुमारास अमेरिकेतील विद्यापीठांत संज्ञापनाचे एक नवे शास्त्र आकाराला येत होते. डॅनिएल लर्नर यांचा पारंपरिक समाजाच्या अस्ताविषयीचा ग्रंथ १९५८ मध्ये, एव्हरेट रॉजर्स यांचा नवकल्पनांच्या प्रसाराविषयीचा ग्रंथ १९६२ मध्ये, तर विल्बर श्रॅम यांचा जनमाध्यमे व राष्ट्रीय विकास यांवरील ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्ञान एका ठिकाणी असते व ते अन्यत्र पोचवायचे असते, हे या सर्वांमागील गृहीत होते. डेव्हिड बर्लो यांनी १९६० मध्ये मांडलेल्या प्रेषक, संदेश, माध्यम आणि ग्राहक या चतुरंग आकृतीत ते नेमके उमटले आहे. रॉजर्स यांच्या वर्गवारीत नवे बियाणे प्रथम स्वीकारणारा शेतकरी 'नवप्रवर्तक' ठरला आणि सर्वांत शेवटी स्वीकारणारा 'मागे रेंगाळणारा'.

या शास्त्राचे अध्ययन करण्यास जे विद्यार्थी आले, त्यांतील काही त्या 'ग्राहकां'च्याच देशांतील होते. बोलिव्हियाचे पत्रकार लुइस रामिरो बेल्ट्रान व पॅराग्वेचे हुआन दियास बोर्देनावे यांनी मिशिगन स्टेट विद्यापीठात डॉक्टरेट संपादन केली. फिलिपीन्सच्या नोरा केब्राल यांनी इलिनॉय विद्यापीठात. गुरूंनी आखून दिलेली आकृती घेऊन ते मायदेशी परतले, तेव्हा तेथील गावांचे वास्तव तीत बसेना. केब्राल यांनी १९७१ मध्ये लोस बान्योस येथे 'विकास-संज्ञापन' ही संज्ञा रूढ केली. तिच्या व्याख्येत देशाच्या वेगवान परिवर्तनाबरोबर सामाजिक समतेलाही स्थान होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

बेल्ट्रान यांचा आक्षेप अधिक मूलगामी होता. शेतकरी नवे तंत्र स्वीकारीत नाही, याचे कारण त्याच्या मनोवृत्तीत शोधले जात होते. परंतु ज्याच्यापाशी पुरेशी जमीन नाही, ज्याला कर्ज मिळत नाही आणि ज्याच्या मालाचा भाव दुसराच कोणी ठरवतो, त्याला केवळ माहिती मिळून काय साधणार? अशा माणसाला 'मागे रेंगाळणारा' म्हणणे म्हणजे व्यवस्थेचा दोष त्याच्या माथी मारणे होय. १९७६ मध्ये 'कम्युनिकेशन रिसर्च' या नियतकालिकाच्या एकाच अंकात बेल्ट्रान, बोर्देनावे व स्वतः रॉजर्स या तिघांचेही लेख प्रसिद्ध झाले. जुन्या प्रतिमानाचा काळ सरत असल्याचे रॉजर्स यांनी त्यात मान्य केले. १९८० मध्ये बेल्ट्रान यांनी ॲरिस्टॉटलप्रणीत वक्ता-भाषण-श्रोता या परंपरेचा निरोप घेऊन प्रवेश, संवाद व सहभाग या तीन तत्त्वांवर उभ्या असलेल्या 'समस्तर' संज्ञापनाची मांडणी केली.

भारतीय अभ्यासकाला हा विचार सर्वस्वी अपरिचित वाटण्याचे कारण नाही. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी मराठीतून वीस कार्यक्रम प्रसारित केले. पाच मराठीभाषी जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. मंडळाने कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्राकडे कळवाव्यात, अशी योजना होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांच्या तुलनेत मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ पुष्कळच अधिक झाल्याचे समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांच्या पाहणीत दिसून आले. या प्रयोगावरील १९५९ च्या युनेस्को-ग्रंथाचे त्यांचे सहलेखक जगदीशचंद्र माथुर हे आकाशवाणीचे महासंचालक आणि हिंदीतील 'कोणार्क' नाटकाचे कर्ते होते. उलटपक्षी, १९७५-७६ मधील उपग्रह-दूरदर्शनच्या प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत हिंदी, ओडिया, तेलुगू व कन्नड कार्यक्रम पोचले. पण गावांकडून उत्तर येण्याची वाट त्या तंत्रात नव्हती.

भारतीय भाषांच्या अभ्यासकाच्या दृष्टीने येथे परिभाषेचा प्रश्न उपस्थित होतो. चिलीतील निर्वासनाच्या काळात ब्राझीलचे पाउलो फ्रेइरे यांनी 'विस्तार' या शब्दाचीच चिकित्सा केली होती. आपले ज्ञान दुसऱ्यापर्यंत लांबवणारा त्या दुसऱ्याला रिकामे पात्र समजतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. मराठीत 'कृषी विस्तार' हा शब्द आजही शासकीय व्यवहारात रूढ आहे. 'संप्रेषण' या शब्दात पाठवणे आहे. 'संज्ञापन' हे 'ज्ञा' धातूच्या प्रयोजक रूपापासून सिद्ध होते. म्हणजे त्यात एक जाणवून देतो व दुसरा जाणून घेतो. बेल्ट्रान यांचा लेख या शब्दांत अनुवादिला, तर त्यांनी पुसलेली दिशा धातूच्या वाटेने परत येण्याचा संभव आहे.

'संवाद' हा पर्याय जवळचा वाटतो खरा. तथापि त्यात एकमताची छटा आहे, हे त्याच्या 'विसंवाद' या प्रतिशब्दावरून ध्यानात येते. जमीनदार व शेतमजूर यांच्या बोलण्यात ते एकमत आधीच गृहीत धरणे म्हणजे बेल्ट्रान यांचा मूळ प्रश्न टाळणे ठरेल. म्हणून अनुवादकाने एकच शब्द सर्वत्र योजू नये. जेथे मूळ लेखकाला एकमार्गी व्यवहार अभिप्रेत आहे तेथे 'संप्रेषण' ठेवावे आणि जेथे उत्तर देण्याचा अधिकार अभिप्रेत आहे तेथेच 'संवाद' म्हणावे. तसे केले तरच गुरू व शिष्य यांच्यातील मतभेद मराठी वाचकाला दिसू शकेल.