विश्लेषण : मोहाडीचे अंगण ते समृद्धी महामार्ग... गाडीतील कोणती नवी फीचर्स कुटुंबाच्या खरोखर कामाची?

शोरूममध्ये पाऊल टाकले की आधी दाखवला जातो मोठा स्क्रीन आणि मग सनरूफ. मागच्या सीटच्या फटीत दडलेली, लहान मुलाची सीट अडकवायची कडी मात्र विचारल्याशिवाय सहसा कोणी दाखवत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून ‘वाचलेल्या पैशांत एक पायरी वरचे मॉडेल घ्यावे का’ हा प्रश्न अनेक घरांत चर्चेला येतो. भंडारा जिल्ह्यातील मोहाडीसारख्या तालुक्याच्या गावातून मुंबई-पुण्यातील मुलांकडे गाडीने जाणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने यातील कोणती फीचर्स उपयोगाची आहेत आणि कोणती नुसती मिरवायची, याचा हा आढावा.

मोहाडीहून निघालेल्या गाडीपुढे कोणते रस्ते असतात?

मोहाडी ते मुंबई हे अंतर सुमारे साडेआठशे किलोमीटर. या एकाच प्रवासात चार वेगवेगळ्या प्रकारचे रस्ते लागतात. आधी घरासमोरची अरुंद गल्ली. मग वरठीवरून भंडाऱ्याला जाणारा अठरा-वीस किलोमीटरचा रस्ता. त्यानंतर भंडारा-नागपूर चौपदरी राष्ट्रीय महामार्ग. शेवटी नागपूरजवळ शिवमडका येथून सुरू होणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी-आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. पूर्वी रेल्वेशिवाय ज्याचा विचार होत नसे, तो प्रवास आता कुटुंबे स्वतःच्या गाडीने करू लागली आहेत. मात्र गल्लीत उपयोगी पडणारे फीचर समृद्धीवर कामाचे नसते आणि समृद्धीवरचे फीचर तुमसर मार्गावर गोंधळून जाते. म्हणून गाडी घेताना ‘फीचर्स किती’ यापेक्षा ‘कोणत्या रस्त्यासाठी’ हे विचारायला हवे.

अंगणातून गाडी काढताना काय उपयोगी?

मागचा कॅमेरा. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांमध्ये मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. परंतु सेन्सर फक्त ‘काहीतरी आहे’ एवढेच सांगतो. बंपरच्या खाली असलेली बुटकी वस्तू, खड्डा किंवा नालीची कड त्याला नीट कळत नाही. अंगणात खेळणारे दोन-तीन वर्षांचे मूल आरशात दिसत नाही, कॅमेऱ्यात दिसू शकते. त्यामुळे कुटुंबाच्या गाडीत कॅमेरा ही चैन नव्हे.

चारही बाजू दाखवणारा ‘३६० डिग्री’ कॅमेरा अरुंद गल्लीत किंवा नवरात्रात चौंडेश्वरी मंदिराच्या गर्दीत गाडी लावताना सोयीचा ठरतो. मात्र पावसाळ्यात चिखलाने भिंग झाकले की तो निरुपयोगी होतो. निघण्यापूर्वी भिंग ओल्या फडक्याने पुसावे आणि कॅमेरा असला तरी लहान मुले कुठे आहेत हे एकदा डोळ्यांनी पाहूनच गाडी मागे घ्यावी.

रामटेकच्या गडासारख्या चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायची असेल, तर ‘हिल होल्ड’ कामी येते. ब्रेकवरचा पाय काढल्यानंतर दोन-तीन सेकंद ही यंत्रणा गाडी धरून ठेवते, त्यामुळे गाडी मागे घरंगळत नाही. नवशिक्या चालकासाठी हे मोठे बळ आहे.

भंडारा-तुमसर रस्त्यावर ‘एडास’ चालते का?

‘एडास’ म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा. काचेमागचा कॅमेरा आणि पुढच्या बाजूचा रडार रस्ता पाहत असतात. पट्टा सोडून गाडी भरकटली तर इशारा, पुढच्या गाडीशी अंतर राखणे, धडक होणारच असे वाटल्यास आपोआप ब्रेक लावणे, अशी तिची कामे. २०२१ मध्ये एमजी अ‍ॅस्टर आणि महिंद्रा एक्सयूव्ही ७०० या गाड्यांमधून ती आपल्याकडे सर्वसामान्यांच्या चर्चेत आली. आता ती आणखी लहान गाड्यांतही मिळते.

या यंत्रणेला रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसावे लागतात. ते पुसट असतील किंवा नसतीलच, तर गाडी पट्ट्यात ठेवणारे फीचर काम करत नाही. शिवाय या भागातील वाहतूकही वेगळी आहे. वरठीचा पोलाद कारखाना, तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज खाणी यांमुळे जड वाहनांची ये-जा असते. धान कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या आणि घरी परतणाऱ्या म्हशी त्यात मिसळतात. अचानक आडवे आलेले जनावर यंत्रणा ओळखेलच, याची खात्री नाही. उलट एखादी दुचाकी पुढे घुसली म्हणून गाडीने एकदम ब्रेक लावला आणि मागून ट्रक अगदी जवळ असेल, तर वेगळाच धोका निर्माण होतो.

म्हणून अशा रस्त्यावर पट्टा राखणारे फीचर बंद ठेवलेले बरे. धडकेचा इशारा आणि आपोआप ब्रेक मात्र चालू ठेवावेत, कारण चालकाची नजर क्षणभर हटली तर तोच शेवटचा आधार असतो. रात्री ट्रॉलीला मागचा दिवा नसतो हे गृहीत धरूनच वेग ठेवावा. येथे चांगले हेडलाइट कोणत्याही एडासपेक्षा जास्त उपयोगी पडतात. त्यामुळे गाडीची चाचणी फेरी एकदा तरी अंधारात घ्यावी.

मागच्या सीटचा पट्टा एवढा महत्त्वाचा का?

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. गाडी महागडी होती, एअरबॅगाही होत्या. पण एअरबॅग ही पट्टा लावलेल्या माणसासाठीच बनवलेली असते. पट्ट्याविना मागचा प्रवासी धडकेत पुढे फेकला जातो आणि त्याच्या वजनाने पुढे बसलेल्यालाही चिरडू शकतो.

नव्या गाड्यांमध्ये आता मागच्या सीटच्या पट्ट्यासाठीही दिवा लागतो आणि ‘बीप’ वाजतो. हा आवाज बंद करण्यासाठी बाजारात नकली क्लिप मिळत होत्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्यांची विक्री थांबवण्याचे आदेश दिले. अशी क्लिप घरच्या गाडीत असेल तर आजच काढून टाकावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा योग्य सीट नसेल, तरीही तेवढाच दंड आहे.

आईच्या मांडीवर मूल सुरक्षित नसते का?

नसते, आणि हा आपल्याकडचा सर्वात मोठा गैरसमज आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून थांबते, तेव्हा दहा किलोचे बाळ शंभर किलोहून अधिक वजनाच्या जोराने पुढे झेपावते. कोणत्याही आईचे हात ते धरू शकत नाहीत. पुढच्या सीटवर मांडीवर मूल असेल तर परिस्थिती आणखी वाईट. पापणी लवण्याआधी उघडणारी एअरबॅग थेट त्याच्यावर आदळते.

यावर उपाय म्हणजे मुलांची वेगळी सीट. ती घट्ट बसवण्यासाठी गाडीच्या मागच्या सीटमध्ये ‘आयसोफिक्स’ नावाच्या लोखंडी कड्या असतात. सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत हात घातला की त्या लागतात. सीट त्यांत ‘खट्’ आवाज करून अडकते, पट्ट्याने बांधण्याची खटपट राहत नाही. अगदी तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून बसवायची असते. अशी सीट, समोरची एअरबॅग चालू असताना, पुढच्या जागेवर कधीही लावू नये.

गाडी मुलांसाठी किती सुरक्षित आहे, हे ‘भारत एनकॅप’च्या गुणांवरून कळते. ही चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. तिच्यात मोठ्यांसाठी ३२ पैकी आणि मुलांसाठी ४९ पैकी असे वेगवेगळे गुण दिले जातात. जाहिरातीतले तारे पाहून थांबू नये, मुलांच्या गटातील आकडाही पाहावा. अर्थात पाच जणांच्या गाडीत सात जण बसले, तर यातले काहीच लागू होत नाही.

समृद्धीवर टायरचा दाब सांगणारे फीचर कशासाठी?

समृद्धीवर सपाट भागात गाड्यांना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगात गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. चालकाने तीन सेकंद मोबाइलकडे पाहिले, की गाडी शंभर मीटर पुढे गेलेली असते. टायर फुटला तर सावरायला तेवढाही वेळ मिळत नाही.

हवा कमी असलेला टायर चालताना जास्त दबतो, दबून तापतो आणि तापून फुटतो. विदर्भातला उन्हाळा, सिमेंटचा रस्ता, पाच माणसे आणि डिकीभर सामान यांनी त्यात भरच पडते. टायरचा दाब दाखवणारी ‘टीपीएमएस’ यंत्रणा हवा कमी होऊ लागताच इशारा देते. ती दोन प्रकारची असते. एक प्रत्येक चाकाचा नेमका आकडा दाखवते. दुसरी चाकाच्या फिरण्यावरून अंदाज बांधून फक्त दिवा लावते. पहिली अधिक उपयुक्त आहे.

गाडीत ही यंत्रणा नसेल, तर निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासावी. किती भरायची हे चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. पूर्ण भारासाठी तिथे वेगळा आकडा असतो. टायरच्या कडेवर चार अंकी आकडाही पाहावा. उदाहरणार्थ, २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी चांगली दिसली, तरी जुना टायर आतून कडक झालेला असू शकतो.

आणखी एक गोष्ट. २०२० मधील नियमबदलानुसार ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचा संच दिला असेल, तर कंपनीला स्टेपनी देणे बंधनकारक नाही. शहरात हे चालून जाते. रात्री आंधळगावच्या रस्त्यावर टायरची कड फाटली, तर त्या संचाचा उपयोग नाही. म्हणून गाडी घेताना स्टेपनी आणि जॅक आहे का, हे डिकी उघडून पाहावे.

क्रूझ कंट्रोलवर भरवसा ठेवावा का?

समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर ‘अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल’ ठरवलेला वेग राखते आणि पुढची गाडी हळू झाली की आपणही हळू होते. पाय दुखत नाहीत, वेगमर्यादाही नकळत मोडली जात नाही. परंतु रस्त्याच्या कडेला किंवा लेनमध्ये उभा असलेला ट्रक अनेक यंत्रणा मोठ्या वेगात वेळेवर ओळखत नाहीत. दाट धुके आणि जोरदार पावसातही त्यांची नजर कमी पडते.

दुसरी अडचण चालकाची. एकसुरी रस्त्यावर हातापायांना काम उरले नाही, की डोळे उघडे असूनही लक्ष हरवते. काही गाड्या स्टीअरिंगच्या हालचालीवरून चालक पेंगतो आहे हे ओळखून स्क्रीनवर चहाच्या कपाचे चित्र दाखवतात. ते दिसल्यावर आवाज वाढवून गाणी लावणे हा उपाय नाही. गाडी थांब्यावर नेऊन वीस मिनिटे झोप घेणे हाच उपाय आहे. चित्र दिसो वा न दिसो, दर दोन तासांनी थांबावे. महामार्गाच्या कडेला मात्र गाडी उभी करू नये.

आजी-आजोबा आणि मुलांच्या सोयीचे काय?

येथे साधी फीचर्सच जास्त कामाची. मागच्या सीटसाठी एसीच्या झडपा, खिडक्यांचे पडदे, मोबाइल चार्जिंगची सोय, आतून दार न उघडू देणारे चाइल्ड लॉक. गुडघेदुखी असलेल्या आजीला उंच गाडीत चढता येते का, हे तिला सोबत नेऊनच पाहावे. सीएनजी गाडी घेत असाल, तर टाकी बसवल्यावर डिकीत किती जागा उरते तेही बघावे. काही कंपन्या एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या खाली बसवतात, त्यामुळे बॅगा ठेवता येतात.

सनरूफचे सांगायचे तर नागपूर-भंडाऱ्याच्या मे महिन्यात तो बंदच ठेवावा लागतो. चालत्या गाडीत मुलांना त्यातून उभे करणे जिवावर बेतू शकते. ब्रेक लागला की त्यांना धरायला काहीच नसते.

मग पैसे नेमके कशावर खर्च करावेत?

बजेट मर्यादित असेल तर क्रम असा ठेवता येईल. सर्व सीटना तीन ठिकाणी अडकणारे पट्टे, सहा एअरबॅग, गाडी घसरू न देणारी ‘ईएससी’ यंत्रणा आणि आयसोफिक्स हे आधी. त्यानंतर मागचा कॅमेरा, टीपीएमएस, स्टेपनी आणि मागचा एसी. वर्षातून चार-सहा वेळा समृद्धीने जाणे होत असेल, तरच एडासचा विचार करावा. मोठा स्क्रीन आणि सनरूफ शेवटी.

वरच्या आणि खालच्या मॉडेलमधला फरक अनेकदा लाखाच्या घरात जातो. लहान मुलांची सीट त्याच्या छोट्याशा भागात येते. जुनी गाडी चालवणाऱ्यांनाही बरेच काही करता येते. टायर तपासणे, मागचे पट्टे सीटखाली दडले असतील तर वर काढणे आणि ते लावल्याशिवाय चावी न फिरवणे, याला खर्च येत नाही. पुढच्या वेळी मोहाडीहून निघताना सामान डिकीत चढवण्याआधी मागच्या सीटचे तिन्ही पट्टे अडकतात का, एवढे तरी करून पाहावे.