शाळेत मुलांचे मत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गणवेशाचा रंग, सहलीचे ठिकाण, स्नेहसंमेलनातला नाच, पीटीचा तास गणिताला द्यायचा की नाही, हे सगळे मुलांसाठी ठरते आणि बहुतेक वेळा मुलांना न विचारताच ठरते. “त्यांना काय विचारायचे?” असे आपण सहज म्हणून जातो. त्यामागच्या समजुती तपासून पाहायला हव्यात, कारण त्यांची किंमत मुले रोज मोजतात.

गैरसमज 1: हे परदेशी खूळ आहे, आपल्याकडे मुलांना असा हक्क नाही.

वस्तुस्थिती: संयुक्त राष्ट्रांची 1989 ची बालहक्क संहिता भारताने 1992 साली स्वीकारली. तिच्या कलम 12 नुसार मुलाला स्वतःशी संबंधित प्रत्येक बाबीत मत मांडण्याचा हक्क आहे. आपला 2009 चा शिक्षण हक्क कायदाही तेच सांगतो. मुलाला भीती आणि दडपणापासून मुक्त ठेवावे, मोकळेपणाने मत मांडायला मदत करावी, असे त्याच्या कलम 29 मध्ये आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांमध्ये स्थानिक शिक्षणतज्ज्ञांबरोबर शाळेतल्या मुलांचाही उल्लेख आहे.

गैरसमज 2: एवढ्याशा मुलांना काय कळते?

वस्तुस्थिती: मत मांडण्यासाठी किमान वयाची अट नको, असे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने 2009 साली स्पष्ट केले. लहान मूल खेळातून, चित्रातून, चेहऱ्यावरूनही सांगत असते. शिवाय शाळेतल्या काही गोष्टी फक्त मुलांनाच माहीत असतात. तपासणीच्या तक्त्यात ‘मुलींचे स्वच्छतागृह: आहे’ अशी नोंद होते. आतली कडी तुटलेली असते, म्हणून एकीने बाहेरून दार धरायचे आणि दुसरीने आत जायचे. मैत्रीण गैरहजर असेल तर दिवसभर पाणीच प्यायचे नाही. हे त्या तक्त्यात कुठेच येत नाही. चौथीतली मुलगी ते एका वाक्यात सांगेल. तिला कोणी विचारले पाहिजे.

गैरसमज 3: मुलांना बोलू दिले की ती उर्मट होतात, शिस्त बिघडते.

वस्तुस्थिती: मुलांचे ऐकणे म्हणजे त्यांची प्रत्येक मागणी मान्य करणे नव्हे. वय आणि समज पाहून मताला वजन द्यावे, असे संहितेतच म्हटले आहे. वेगळे मत असणे म्हणजे बेशिस्त नव्हे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आले आहे. 1985 साली केरळमध्ये तीन भावंडांना शाळेतून काढून टाकले. धार्मिक श्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत गात नसत, पण ते सुरू असताना आदराने उभी राहत. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात 11 ऑगस्ट 1986 रोजी न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन त्यांना पुन्हा शाळेत घ्यायला सांगितले.

गैरसमज 4: आमच्याकडे मॉनिटर आहे, तक्रारपेटी आहे, बालसभाही होते. आणखी काय हवे?

वस्तुस्थिती: सरांनी नेमलेला, बडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा मॉनिटर हा सरांचा मदतनीस असतो. मुलांचा प्रतिनिधी मुलांनीच निवडायचा असतो. तक्रारपेटी कोण उघडते, कधी उघडते आणि चिठ्ठीचे पुढे काय होते, हे मुलांना ठाऊक नसेल तर ती रिकामीच राहणार. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लॉरा लंडी यांनी 2007 साली कलम 12 ची फोड चार गोष्टींत केली: बोलायला सुरक्षित जागा, मत मांडायला मदत, ऐकणारी जबाबदार व्यक्ती आणि निर्णयावर परिणाम. यातली चौथी गोष्टच सहसा राहून जाते.

म्हणून बालसभेनंतर मुख्याध्यापकांनी मुलांना सांगितले पाहिजे: काय मान्य झाले, काय झाले नाही आणि का नाही. कारणासह ‘नाही’ ऐकलेले मूल पुढच्या सभेत पुन्हा बोलते. उत्तरच न मिळालेले मूल गप्प बसायला शिकते, आणि मग खरोखर अन्याय होतो तेव्हाही ते कुणाला सांगत नाही.