तोंडातल्या जखमेला ‘थंड’ लेझर

अक्कलदाढ काढून झाली, टाके पडले आणि डॉक्टर म्हणाले, ‘दोन-तीन वेळा लेझर देऊ, जखम लवकर भरेल.’ पुण्यातल्या एखाद्या दवाखान्यात असा सल्ला मिळाला, तर हो म्हणावं का?

लेझर म्हटलं की कापणं, जाळणं आठवतं. हा तसा नाही. याची शक्ती फारच कमी असते, त्यामुळे तो कापत नाही आणि चटकाही बसत नाही.

त्याचा शोध लागला तो चुकून. १९६० मध्ये पहिला लेझर तयार झाला. पुढे काही वर्षांतच बुडापेस्टचे शल्यविशारद एंद्रे मेस्टर उंदरांमधल्या गाठी लेझरने बऱ्या करायला गेले. लेझर फारच कमकुवत होता, गाठी हलल्या नाहीत. पण त्वचेवरचे भादरलेले केस मात्र भराभर उगवले! मग मेस्टर यांनी हाच प्रकाश जखमांवर वापरून पाहिला.

लाल आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पेशींतल्या मायटोकाँड्रियात शोषला जातो आणि पेशीला ऊर्जा तयार करायला मदत होते, असं मानतात. मात्र मात्रा महत्त्वाची. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर उलटा परिणाम.

सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो कर्करोगाच्या उपचारांत. डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेताना तोंड सोलवटतं, घोटभर पाणीही गिळवत नाही. शेजारच्या कर्नाटकात, मणिपालला अशा दोनशेहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. लेझर मिळालेल्यांना त्रास कमी झाला. आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही या उपचाराला जागा आहे.

हिरडीवर लावण्यासाठी टाळूची पातळ साल काढतात. ती उघडी जखम लेझरने काहीशी लवकर झाकली जाते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं. अक्कलदाढेचं मात्र तसं नाही. काहींत सूज-वेदना कमी, काहींत फरकच नाही. म्हणून साध्या दाढेसाठी वेगळे पैसे मोजण्याआधी विचारावं, ‘याने नेमकं काय कमी होईल?’ शंका राहिलीच तर धनकवडी, कॅम्प किंवा पिंपरीच्या दंत महाविद्यालयात दुसरं मत घेता येतं.

लेझर घेतला म्हणून मिश्री, तंबाखू, सिगारेट चालते असं नाही. साखर आटोक्यात नसेल तर जखम रेंगाळणारच. आणि जखमेवर येणारा पांढरट-पिवळसर पापुद्रा खरवडू नका. तो बहुतेक वेळा पू नसतो, जखम भरत असल्याची खूण असते.

एका बाबतीत मात्र लेझरची घाई नकोच. शस्त्रक्रिया न होताही गालात किंवा जिभेच्या कडेला उठलेला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर त्यावर प्रकाश टाकण्याआधी तो तपासायचा, गरज पडल्यास तुकडा काढून. गुटख्यावर २०१२ पासून बंदी असलेल्या आपल्या राज्यात तंबाखू अजूनही कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळते.